ती मुलगी काय ऐकते?

प्रिय दोस्ता,

आठवड्यापूर्वी तुझा फोन ठेवला आणि रात्री उशिरापर्यंत झोपच लागली नाही. तू सहज बोलून गेलास, “शाळकरी पोरांवरच्या त्या अमेरिकन सिनेमांचे अल्बम म्हणजे रेकॉर्ड कंपनीने बांधलेलं गाठोडं. दहा बँडांची उरलीसुरली गाणी, वर पोस्टरचा फोटो, झालं.” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पण बोल लागला. कारण एका हेडफोनची एकेक बाजू आपापल्या कानाला धरून आपण दोघांनी जे ऐकलं, त्यात असलाच एक अल्बम सगळ्यात जास्त वेळा होता. आठवडाभर ते सगळे पुन्हा काढून ऐकले. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं एकही न गाळता. आता उत्तर आहे माझ्याकडे. लांबेल जरा, पण तू वाचशील.

आधी तुझं खरं आहे तेवढं मान्य करतो. गाठोडी आहेत, आणि बरीच आहेत. १९८२ चा ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ घे. एमी हेकरलिंगचा पहिला सिनेमा. तिला त्यात त्या वेळच्या ताज्या, न्यू वेव्हच्या बँडांची गाणी हवी होती. पण निर्मात्यांत आयर्विंग एझॉफ होता, ईगल्स या रॉक बँडचा मॅनेजर. मग १९ गाण्यांच्या त्या डबल अल्बममध्ये डॉन हेन्ली, जो वॉल्श, टिमथी श्मिट, डॉन फेल्डर असे एकट्या ईगल्समधले चौघे वेगवेगळे येऊन बसले. वाईट नाहीत ती गाणी, जॅक्सन ब्राउनचं ‘समबडीज बेबी’ तर मला आवडतंच. पण ती तिशी ओलांडलेल्या माणसांची गाणी आहेत. सिनेमा सुरू होतो तो द गो-गोजच्या ‘वी गॉट द बीट’वर, म्हणजे त्या मॉलमधल्या पोरी खरोखर ज्यावर नाचत असतील त्या गाण्यावर. आणि नेमकं तेच गाणं अल्बमवर नाही. अल्बम ऐकताना त्या पोरी कुठे दिसतच नाहीत. त्यांच्या मोठ्या भावंडांची खोली दिसते.

माझी कसोटी इथूनच निघते. ही गाणी कुणाची आहेत? दिग्दर्शकाची, कंपनीची, की त्या पोरांची?

हेच दिग्दर्शक जेसन राइटमनने ‘जूनो’ या सिनेमाच्या वेळी सरळ विचारलं होतं. मुख्य भूमिका करणाऱ्या इलियट पेज यांना त्याने विचारलं, जूनो काय ऐकत असेल? उत्तर आलं, द मोल्डी पीचेस हा बँड. त्यातूनच त्या बँडमधल्या किम्या डॉसनची ती घरात बसून, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेताने गायल्यासारखी गाणी सिनेमात आली. आवाज कापरा, गिटार साधी. बाजाराच्या हिशेबाने त्यात काहीच नव्हतं. आणि तो अल्बम जानेवारी २००८ मध्ये बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिला आला. खपला म्हणून चांगला असं मी म्हणत नाहीये. पण गाठोडं बांधणाऱ्याला तो प्रश्न सुचला नसता, एवढं तर मानशील?

आता आपल्या अल्बमकडे येतो. ‘प्रिटी इन पिंक’, १९८६. जॉन ह्यूजने लिहिलेला, हॉवर्ड डॉइचने दिग्दर्शित केलेला. ह्यूज तेव्हा छत्तीस वर्षांचा होता, आणि छत्तिशीतला माणूस सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या कानाने ऐकतो तेव्हा कुठेतरी खोटं वाजण्याचा धोका असतोच. पण सायकेडेलिक फर्स या बँडचं ते शीर्षकगीत त्याच्या कानावर घातलं मॉली रिंगवॉल्डने, म्हणजे त्याच्या नायिकेनेच. गाणं १९८१ चं. सिनेमाला नाव त्यावरून मिळालं आणि मग सिनेमासाठी बँडने ते पुन्हा रेकॉर्ड केलं. (मला अजूनही १९८१ चंच जास्त आवडतं. त्याला खरखरीत कडा आहे, आणि त्यातल्या मुलीबद्दल लोक पाठीमागे जे बोलतात त्याची बोच आहे. नव्यात ती बोच घासून गुळगुळीत झालीय.) तरी मूळ गोष्ट राहतेच. एका मुलीने आपल्या आवडीचं गाणं एका मोठ्या माणसाला ऐकवलं, आणि त्याने ते मनापासून ऐकलं.

शेवटाची गोष्ट तुला मी पूर्वी सांगितली असेन, पण यावेळी ऐकताना मला त्यात वेगळंच काही दिसलं. सिनेमाचा पहिला शेवट असा होता की नायिका अँडी तिच्या जुन्या मित्राबरोबर, डकीबरोबर राहते. ओएमडी या इंग्लिश बँडने त्या शेवटासाठी ‘गॉडेस ऑफ लव्ह’ नावाचं गाणं करून दिलं होतं. चाचणीच्या खेळात प्रेक्षकांना तो शेवट रुचला नाही. त्यांना ती श्रीमंत मुलाबरोबर, ब्लेनबरोबर हवी होती. शेवट बदलला, म्हणून गाणंही बसेना. नवं गाणं ओएमडीने एका दिवसाच्या आत लिहिलं. नाचाचा प्रसंग ज्या गाण्यावर चित्रित झाला होता त्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची होती, तेव्हा नव्या गाण्यालाही तीच लय धरणं भाग होतं. त्यातून निघालं ‘इफ यू लीव्ह’.

म्हणजे हे गाणं चक्क मागणीनुसार, घाईत, मोजून-मापून शिवलेलं. तू म्हणशील, बघ, कारखानाच आहे. पण मला तर त्या घाईचाच गुण त्यात लागलेला वाटतो. ‘जाऊ नकोस’ म्हणणाऱ्याकडे तरी कुठे सवड असते? गाणं धाप लागल्यासारखं सुरू होतं आणि शेवटपर्यंत तसंच राहतं.

आणि आता मला जे दिसलं ते सांगतो. सिनेमाच्या अगदी शेवटी येणारं हे गाणं अल्बमवर पहिलं आहे. सिनेमा जिथे संपतो तिथे अल्बम सुरू होतो! पुढे सुझान व्हेगाचं ‘लेफ्ट ऑफ सेंटर’, मग आणखी दोन, आणि पाचवं शीर्षकगीत. तिथे रेकॉर्डची पहिली बाजू संपते. उलटली की न्यू ऑर्डरचं ‘शेलशॉक’ येतं, एकदम गार, यंत्रासारखं. मग उतरत उतरत दहावं आणि शेवटचं, द स्मिथ्सचं ‘प्लीज, प्लीज, प्लीज, लेट मी गेट व्हॉट आय वॉन्ट’. दोन मिनिटंसुद्धा नाही. एकदा तरी मला हवं ते मिळू दे, एवढंच त्यात मागणं आहे.

मिळालं का, ते अल्बम सांगत नाही. सिनेमात अँडीला ब्लेन मिळाला. अल्बम मात्र ज्याला काहीच मिळालं नाही त्याच्याजवळ थांबतो. मला ते शेवटचं गाणं कायम डकीचं वाटत आलंय. प्रेक्षकांनी बदलायला लावलेला शेवट अल्बमने आपल्या परीने दुरुस्त केलाय असं मी म्हणेन, आणि यावर तू कितीही वाद घाल. चांगल्या अल्बमने सिनेमाची गोष्ट पुन्हा सांगायची नसते, सिनेमाला जे सांगता आलं नाही ते सांगायचं असतं. एक हळहळ आहे. रेकॉर्डच्या दुकानात डकी ओटिस रेडिंगच्या ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’वर ओठ हलवत जीव तोडून नाचतो, तुला ते तोंडपाठ होतं, ते गाणं अल्बमवर नाही.

गाणी अशी का गळतात हेही सांगतो, कारण तुझ्या गाठोड्याच्या तक्रारीचं निम्मं मूळ तिथे आहे. गाणं सिनेमात वापरायला दोन परवानग्या लागतात. एक, ज्याच्याकडे शब्द-सुरांचे हक्क आहेत त्याची, आणि दुसरी, ज्याच्याकडे त्या रेकॉर्डिंगचे हक्क आहेत त्याची. अल्बमवर घालायचं तर पुन्हा वेगळी बोलणी. एखादा मालक सिनेमाला हो म्हणतो, अल्बमला नाही म्हणतो. ‘अमेरिकन ग्राफिटी’च्या वेळी दिग्दर्शक जॉर्ज लुकसच्या मंडळींनी सगळ्यांना एकाच दराने पैसे देऊ केले. एल्व्हिसच्या कंपनीला ते पटलं नाही, म्हणून १९६२ मधल्या पोरांच्या त्या रात्रीत एल्व्हिस कुठेच नाही. ४१ गाण्यांचा तो डबल अल्बम त्याच्यावाचूनही गाडीतल्या रेडिओसारखा एका दमात वाजतो. जुनी गाणी नव्या बँडांकडून गाऊन घेण्याचं कारणही बरेचदा हेच असतं, मूळ रेकॉर्डिंगची परवानगी लागत नाही.

तेव्हा निवडणाऱ्याचे हात बांधलेले असतात. खरी कसब त्या बांधलेल्या हातांनी काय करतो यात दिसते. एमी हेकरलिंगकडेच परत जाऊ. तेरा वर्षांनी, १९९५ मध्ये, तिने ‘क्लूलेस’ केला. त्याच्या अल्बमवर जुन्या गाण्यांची नवी रूपं ढिगाने आहेत. पहिलंच गाणं, किम वाइल्डचं ‘किड्स इन अमेरिका’, द मफ्सनी गायलेलं. काउंटिंग क्रोज आपल्या सायकेडेलिक फर्सचं ‘द घोस्ट इन यू’ गातात. पण इथे ती उसनवारी खटकत नाही. त्या मुली तरी काय करत असतात? दुसऱ्यांचे कपडे, दुसऱ्यांचे शब्द अंगावर घालून बघत असतात, आपल्याला काय शोभतं ते. शिवाय रेडिओहेडचं ‘फेक प्लास्टिक ट्रीज’ आहे, नुसत्या गिटारवरचं. सिनेमात जॉश ते ऐकत असतो आणि नायिका शेर त्या रडक्या गाण्याची टर उडवते. तरी अल्बमवर ते आहे, तिच्या लाडक्या गाण्यांच्या शेजारी. दोघांची आवड एका तबकडीवर भांडत बसलीय. ज्याच्यावर प्रेम बसणार आहे त्याची न आवडणारी गाणी आपल्या यादीत हळूच शिरतात, हे तुला-मला कुणी सांगायला नको.

नुसतं एक थोर गाणं असून भागत नाही, हेही आठवड्याभरात पक्कं झालं. ‘द ब्रेकफास्ट क्लब’ मी किती उत्साहाने लावला! ‘डोन्ट यू’ १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, आजही ते सुरू झालं की मी बसलेला उठतो. पण मधेमधे वाद्यसंगीताचे तुकडे भरलेत. चित्राशिवाय ते पोरके वाटतात.

आणि कधी अल्बम न काढणं हाच चांगला निर्णय असतो. त्याच १९८६ मध्ये ह्यूजचा ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ आला. गाणी गाजण्यासारखी होती, कंपनीचा फायदाच होता. पण ही सगळी एका रेकॉर्डवर नांदणार नाहीत असं त्याचं मत पडलं आणि त्याने अल्बम काढलाच नाही. अधिकृत अल्बम निघाला तो २०१६ मध्ये, तीस वर्षांनी, ह्यूज गेल्यावर. ज्याला गाठोडंच बांधायचं होतं तो असा थांबला असता का?

एक प्रसंग सांगतो आणि मग पुरे. सोफिया कोपोलाच्या ‘द व्हर्जिन सुइसाइड्स’मध्ये आईबापांनी बहिणींना घरात डांबलंय. समोरची मुलं फोन करतात. बोलायचं काय? कुणालाच सुचत नाही. मग ती फोनच्या तोंडाशी रेकॉर्ड धरतात. टॉड रंडग्रेनचं ‘हेलो इट्स मी’. इकडून मुली उत्तर देतात, गिल्बर्ट ओ’सलिव्हनचं ‘अलोन अगेन’. पुन्हा तिकडून एक, इकडून एक. एक शब्द न बोलता. हा प्रसंग बघताना मला कळलं की चांगला अल्बम कसा असतो, हे मला कधीपासूनच ठाऊक होतं. तुझ्यामुळे.

पंधराव्या वर्षी तू मला नव्वद मिनिटांची कॅसेट दिली होतीस. वर नाव नव्हतं, यादी नव्हती. कशानंतर काय ठेवायचं यासाठी तू आठवडा घालवला होतास, ते तुझ्या बहिणीकडून नंतर कळलं. दुसऱ्या बाजूला शेवटी ‘प्लीज, प्लीज, प्लीज’ होतं आणि ते पुरं बसलं नव्हतं. गाणारा थांबायचा आणि खट् आवाज होऊन टेप संपायची. मला वाटायचं गाणं तेवढंच. त्यानंतर मॅन्डोलिन आहे, एकटी, कुणीतरी खोलीतून निघून गेल्यावर वाजत राहिल्यासारखी, हे मला कितीतरी वर्षांनी, तो अल्बम स्वतः विकत घेतला तेव्हा कळलं. या आठवड्यातही ती मॅन्डोलिन आली आणि मी त्या खट् आवाजाची वाट बघत बसलो.

एवढंच सांग. टेप पुरणार नाही हे तुला ठाऊक होतं का? ठाऊक असूनही शेवटी तेच ठेवलंस का?

तुझाच