विषय : टूना खाऊन झालेला त्रास आणि फोनवर मिळालेलं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक विभाग

काल दुपारी तुमच्या विभागाशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं. आता फोन करणार नाही, म्हणून हे लेखी.

शनिवारी रात्री आम्ही पाचजण बाबांच्या सत्तरीनिमित्त तुमच्याकडे जेवायला आलो होतो. टेबल पंधरा दिवस आधी राखून ठेवलेलं असूनही पाऊण तास दारात उभं केलंत. शिंपल्यांच्या बशीत सहा शिंपले मिटलेले होते. शिजूनही न उघडलेला शिंपला बाजूला काढायचा, हे तुमच्या स्वयंपाकघरात ग्राहकाने सांगायचं का? मागच्या खेपेला शेवंडीचं मांस भुसभुशीत, पिठासारखं लागलं होतं. तेव्हा मी गप्प बसले, ती माझी चूक झाली.

टूनाचा पहिला घास घेताच बाबा म्हणाले, "जीभ चुरचुरतेय." मीही चाखला. तोंडात मिरपूड गेल्यासारखी झणझण होती. वेटर आत विचारून आला आणि म्हणाला, "मसाला आहे." तुमच्या मेनूवर त्याच पदार्थाखाली 'फक्त मीठ आणि लिंबू' असं छापलेलं आहे. मुलांनी एवढा खर्च केलाय, टाकायचं कसं, म्हणून बाबांनी अर्धा तुकडा संपवला. अर्ध्या तासात त्यांचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "मासा कोणता खाल्ला?" त्यांनी चिठ्ठीवर हिस्टामिनची, म्हणजे माशात तयार होणाऱ्या त्रासदायक द्रव्याची, शंका लिहून दिली आहे. प्रत सोबत जोडली आहे.

आता कालचा फोन. तुमच्या अधिकाऱ्यांनी आधी विचारलं, "बाबांना माशांची अ‍ॅलर्जी आहे का?" मी सांगितलं, ते सत्तर वर्षं मासे खात आलेत. "मग वयामुळे असेल." मी म्हटलं, माझीही जीभ चुरचुरली, माझं वय एकेचाळीस. त्यावर, "मासा पूर्ण शिजवलेला होता, मॅडम, त्यामुळे त्यात काही राहूच शकत नाही." मी दोनदा सांगितलं की हिस्टामिन शिजवल्याने जात नाही आणि गोठवल्यानेही जात नाही. पकडल्यापासून मासा पुरेसा थंड राहिला नाही तर जिवाणू ते तयार करतात, आणि मासा दिसायला, वासाला ठीक असू शकतो. पलीकडे कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं. मग ते वाक्य आलं : "मॅडम, पहिल्यांदा अशा ठिकाणी जेवलं की काही लोकांना चव ओळखीची वाटत नाही."

पहिल्यांदा? सहा वर्षं आम्ही तुमच्याकडे येतोय. आईच्या निवृत्तीचं जेवण तुमच्याकडे झालं, माझ्या भावाने लग्नाचं विचारलं ते तुमच्या खिडकीजवळच्या टेबलावर. आणि समजा आम्ही पहिल्यांदाच आलो असतो, तरी माणसाला असं बोलायचं? फोन स्पीकरवर होता. बाबा शेजारी बसले होते. ते उठून आतल्या खोलीत गेले. टूनापेक्षा हे मला जास्त लागलं आहे.

टूनाच्या बाबतीत थंड साखळी म्हणजे पकडल्यापासून शिजवेपर्यंत मासा सतत थंड ठेवणं, हे तुम्हाला माहीत आहे. बांगड्यालाही हेच लागू होतं, हेही माहीत आहे. माल आला तेव्हा त्याचं तापमान किती होतं, त्याची नोंद तुमच्याकडे असलीच पाहिजे. शनिवारी आलेल्या टूनाची ती नोंद आणि पुरवठादाराची पावती मला पाठवा. त्याच मालातला मासा उरला असेल तर तो वाढू नका. त्या रात्री इतर टेबलांवरही तो गेला असणार, त्यांची चौकशी कुणी केली का? आणि 'फक्त मीठ आणि लिंबू' लिहून जिभेला झणझण का लागली, याचं लेखी उत्तर मला हवं आहे. "मसाला आहे" हे उत्तर मी मानत नाही.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर हे पत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल घेऊन मी अन्नसुरक्षा विभागाकडे जाईन. ते वाक्य बोलणाऱ्या अधिकाऱ्यांनी बाबांना स्वतः फोन करून माफी मागावी. मला नको, त्यांना.

संध्याकाळी तुमच्याकडून पुढच्या भेटीसाठी मोफत गोड पदार्थाचं कूपन आलं. ते रद्द करा.

आपली ग्राहक
(सोबत : बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, टेबल राखून ठेवल्याचा संदेश)