मंत्रीसाहेब, आमची पाखाडी तुमच्याच खात्यात येते

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीतून लिहितेय. वय ५४, तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ६.२, म्हणजे डायबेटीस नाय पण उंबरठ्यावर. डॉक्टर बोलले इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, म्हणजे शरीर इन्सुलिनचं नीट ऐकत नाय, रोज अर्धा तास जरा दम लागेल असं चाला, त्याला एरोबिक म्हणतात. चाला, पण कुठे?

रस्त्यावर चिऱ्याचे डंपर अंगावर येतात. राहिली पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची पायवाट, तिचे निम्मे चिरे निघालेत आणि उरलेल्यांवर जूनपासून शेवाळ. गेल्या पावसात जाऊबाई घसरल्या, मनगट मोडलं, आता दळणाला पण रिक्षाने जातात. माझी सासू डोक्यावर मासळीची पाटी घेऊन हीच पाखाडी दिवसातून दोनदा चढायची, आणि तिला एरोबिक कशाशी खातात ते माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल पाखाडी ग्रामपंचायतीची, आरोग्याचा काय संबंध? अहो, इन्सुलिन नुसतं साखरेचं बघत नाय, रक्तवाहिनीला सैल हो असं पण सांगतं, आणि रेझिस्टन्समध्ये तिचं आतलं अस्तर ते नीट ऐकत नाय, म्हणून शुगर बॉर्डरवर असतानाच बिघाड सुरू होतो. चालताना रक्त जोरात वाहतं, अस्तराला घासतं, त्या घासण्याने ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी रुंदावते (या वायूचं हे काम शोधणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालंय). शिवाय चालता पाय इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो. वजन उतरलं नाय तरी फायदा होतो, हे मला फार आवडलं, कारण माझं उतरलेलं नाय.

गोम पुढे आहे. एका दिवसाच्या चालण्याचा साखरेवरचा असर एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून आठवड्याला १५० मिनिटं आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको असं सांगतात. आमचा खाडा सरळ सप्टेंबरपर्यंत!

तीस वर्षांवरच्यांची शुगर-बीपी तपासता, चांगलंच आहे, पण त्यात जो सापडला त्याला चालायला जागा पण द्या की. चिरे परत बसवा, वर गुळगुळीत सिमेंट फासू नका, एका बाजूला रेलिंग आणि दोन सोलर दिवे लावा. पावसात समाजमंदिर संध्याकाळी तासभर उघडं ठेवा, चावी बचत गटाकडे द्या, झाडलोट आम्ही करू.

आणि काम मृगाच्या आधी काढा, नंतर आमचे गवंडी लावणीला जातात.

आपली,
खाडीकाठची एक बाई