बॅगेत इंग्रजी कादंबऱ्या भरू नकोस

लाइप्झिग,
५ ऑक्टोबर

प्रिय मंजिरी,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. येनाच्या विद्यापीठातली नेमणूक पक्की झाली, व्हिसाही हाती आला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर तू निघणार, हे वाचून मला किती आनंद झाला ते लिहून कळणार नाही. इतक्या वर्षांनी आपण पुन्हा एकमेकींपासून तासा-सव्वातासाच्या अंतरावर राहणार. पत्राच्या शेवटी तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे. २३ किलोंच्या बॅगेत ९ किलो पुस्तके बसवायची आणि त्यांत बहुतेक इंग्रजी कादंबऱ्या घ्यायच्या, असे तू ठरवले आहेस, कारण ‘तिकडे इंग्रजी पुस्तके मिळत नाहीत आणि मिळाली तरी परवडत नाहीत’ असे तुला सगळ्यांनी सांगितले आहे. चार वर्षांपूर्वी मलाही हेच सांगितले गेले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. माझी तुला कळकळीची विनंती आहे की त्या कादंबऱ्या घरीच ठेव. इंग्रजी पुस्तक इथे जर्मनीत स्वस्तात मिळते. फक्त ते कुठे आणि कसे मिळते हे माहीत असावे लागते.

पहिल्या हिवाळ्यातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. पुण्याहून आणलेली आठ पुस्तके डिसेंबर उजाडेपर्यंत वाचून संपली. दुपारी चारलाच अंधारून येई, जर्मन भाषा दुकानात भाजी मागण्यापुरतीच येत होती, आणि त्यात वाचायला हाताशी काही नाही हे मला सोसवेना. मग ब्रिटनमधल्या जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून मी तीन कादंबऱ्या मागवल्या. टपालखर्चासह तिन्हींचे ११ युरो झाले. तीन आठवड्यांनी कुरिअरचा माणूस दारात आला आणि त्याने पार्सल देण्याआधी आणखी ९ युरो मागितले. मी ते दिले, पण त्या रात्री हिशेब मांडताना डोळ्यांत पाणी आले, कारण त्या महिन्याचे पुस्तकांसाठी बाजूला काढलेले सगळे पैसे त्यातच गेले होते.

हे का घडले ते मला नंतर समजले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे १ जानेवारी २०२१ पासून तिथून येणारे पार्सल संघाच्या दृष्टीने परदेशी ठरते, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून २२ युरोंपर्यंतच्या मालाला असलेली करमाफीही संघाने काढून टाकली. पुस्तकांवर जकात नाही आणि जर्मनीत पुस्तकांवरचा कर अवघा ७ टक्के आहे, म्हणजे चार युरोंच्या कादंबरीवर तो काही सेंटच होतो. खरा फटका बसतो तो पार्सल पोहोचवणाऱ्याच्या हाताळणी शुल्काचा, कारण ते पुस्तकाच्या किमतीकडे पाहत नाही. म्हणून कुठलेही जुने पुस्तक मागवताना आधी विक्रेत्याचा माल कोणत्या देशातून निघणार आहे ते बघ. संकेतस्थळ जर्मन असले तरी पुस्तक ब्रिटनमधून येत असू शकते. जर्मनीतून निघणारे जुने पुस्तक बहुतेक वेळा सर्वांत सोयीचे पडते, आणि तिथे नसेल तर आयर्लंडमधले विक्रेते पाहावेत. तिथली पुस्तके इंग्रजीच असतात आणि देश संघातच असल्यामुळे वाटेत जकातनाका नाही. पूर्वी बुक डिपॉझिटरी या ऑनलाइन दुकानातून जगातल्या पुष्कळ देशांत टपालखर्चाशिवाय पुस्तक मागवता येई आणि पुढचे वर्षभर मीही त्यावरच विसंबून होते, पण २६ एप्रिल २०२३ रोजी ते दुकान बंद झाले. इथे जुने राहणारे लोक अजून तेच नाव सुचवतात, म्हणून हे लिहून ठेवते.

नव्या पुस्तकांची गोष्ट निराळी आहे. जर्मन पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती कायद्याने देशभर एकच असते; गल्लीतल्या छोट्या दुकानात जी किंमत तीच मोठ्या साखळी दुकानात. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे आणि २००२ साली तिचा स्वतंत्र कायदा झाला. बाहेरून आयात होणाऱ्या इंग्रजी पुस्तकाला मात्र हे बंधन सहसा लागू होत नाही. त्यामुळे एकच इंग्रजी कादंबरी दोन दुकानांत दोन किमतींना असू शकते. त्यातच ब्रिटिश आवृत्ती आणि अमेरिकी आवृत्ती या दोन्ही युरोपात शेजारीशेजारी विकायला असतात, त्यांचे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे ओळखक्रमांक, वेगळे असतात आणि किमतीत कधीकधी चार युरोंचा फरक पडतो. शोध घेताना आयएसबीएन घालू नकोस, लेखकाचे नाव आणि शीर्षक घाल, म्हणजे दोन्ही समोर येतील. आणखी एक खूण ध्यानात ठेव. दुकानाच्या दाराशी लावलेल्या टेबलांवर पुस्तकाच्या खालच्या कडेवर, पानांच्या कापावर, ‘मेंगेलएक्सेम्प्लार’ असा शिक्का मारलेली पुस्तके मांडलेली असतात. त्याचा अर्थ सदोष प्रत. दोष पुष्कळदा एवढाच असतो की कोपरा जरा दुमडला आहे, आणि किंमत निम्म्यावर आलेली असते. त्यांत जर्मन पुस्तके जास्त असली तरी इंग्रजीही सापडतात.

पण खरी गंमत, मंजिरी, जुन्या बाजारात आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी तू आणि मी जशा जात होतो, तशी मी इथे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ११ नंबरच्या ट्रामने शहराच्या दक्षिण टोकाला आग्रा मैदानावर जाते. नाव ऐकून चमकू नकोस. ताजमहालाशी त्याचा काही संबंध नाही, पूर्वी तिथे शेतकी प्रदर्शन भरत असे म्हणून ते नाव पडले. विक्रेते केळ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पुस्तके आणतात आणि खोकी तशीच जमिनीवर मांडतात, त्यामुळे गुडघ्यावर बसूनच शोधावे लागते. इंग्रजी पुस्तकांचे वेगळे खोके नसते. पाककृतींची पुस्तके, जुने नकाशे आणि शाळेची बीजगणिते यांच्यामधून बोटे फिरवत जायचे, आणि मध्येच एखाद्या कण्यावर इंग्रजी अक्षरे दिसतात. दुपारी दोननंतर जा. विक्रेत्यांना खोकी पुन्हा गाडीत चढवायची नसतात आणि एक युरोचे पुस्तक पन्नास सेंटला मिळते.

त्या मैदानावर मागच्या वर्षी मला एक पुस्तक मिळाले, ते तू आलीस की तुझ्या हातात द्यायचे आहे. तळहाताहून थोडे मोठे, कागदी वेष्टन पिवळट पडलेले, कण्याचा शिवलेला दोरा एका जागी सुटलेला. मुखपृष्ठावर टाउखनित्झ आवृत्ती असे छापलेले आहे आणि खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत सूचना आहे की हे पुस्तक ब्रिटिश साम्राज्यात नेऊ नये. मी ती सूचना वाचून तिथेच थांबले. बेर्नहार्ड टाउखनित्झ या लाइप्झिगच्या प्रकाशकाने १८४१ मध्ये इंग्रजी लेखकांची ही स्वस्त माला सुरू केली, आणि ती युरोपात फिरणाऱ्या, नोकरीसाठी राहणाऱ्या, आजारपणात हवापालटाला आलेल्या इंग्रजी वाचकांसाठी होती. त्या काळी इंग्लंडमध्ये नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिला ३१ शिलिंग ६ पेन्स मोजावे लागत. सामान्य माणूस ती विकत घेऊच शकत नसे, वर्गणीच्या वाचनालयातून आणून वाचत असे. टाउखनित्झचा एक खंड बरीच वर्षे १ मार्क ६० फेनिगला, म्हणजे दीड शिलिंगच्या आसपास, मिळत होता. आंतरराष्ट्रीय कायदा त्याला भाग पाडत नसतानाही या प्रकाशकाने डिकन्ससारख्या लेखकांना आपणहून मानधन दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या मालेत पाच हजारांहून अधिक खंड निघाले. ४ डिसेंबर १९४३ च्या बाँबहल्ल्यात लाइप्झिगमधला छापखान्यांचा आणि प्रकाशकांचा बहुतेक भाग जळून गेला. त्या घराण्याच्या नावाचा रस्ता मात्र इथे अजून आहे आणि मी रोज संध्याकाळी घरी येताना तो ओलांडते.

आता तुझ्या कपाटातली कुठलीही नवी इंग्रजी कादंबरी काढ आणि तिचे मागचे पान बघ. ‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशी ओळ सापडण्याची शक्यता फार आहे. चारशे-पाचशे रुपयांचे ते पुस्तक इथे बारा-चौदा युरोंना असते. माझ्या मेजावर ही दोन पुस्तके शेजारीशेजारी ठेवली आहेत. एकाला साम्राज्यात, म्हणजे तेव्हाच्या आपल्या देशातही, प्रवेश नव्हता. दुसऱ्याने आपल्या देशाबाहेर विक्रीला जायचे नाही. दोन्ही स्वस्त आहेत ती याच अटीवर. वाचण्यासाठी स्वतःची प्रत बॅगेतून आणायला अर्थातच काही हरकत नाही, आणि बॅगेतल्या जागेचा विचार मी इथूनच सुरू करते: जे पुस्तक फक्त तिकडेच स्वस्त आहे किंवा फक्त तिकडेच मिळते, तेवढेच आण.

पूर्व जर्मनीचा काळ इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून अजून हाती लागतो. पूर्व बर्लिनमध्ये १९५८ पासून ‘सेव्हन सीज’ नावाची इंग्रजी कागदी बांधणीची माला निघत होती. लेखक स्टेफान हाइम यांच्या पत्नी गेरट्रूड गेलबिन यांनी ती उभी केली. ही पुस्तके दोन-तीन युरोंना मिळतात. पहिल्यांदा एक हातात घेतले तेव्हा मला एकदम बाबांचे कपाट आठवले, त्यातली मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची पदार्थविज्ञानाची इंग्रजी पुस्तके आठवली, जी त्यांनी कॉलेजात असताना प्रदर्शनातून मोजक्या रुपयांत घेतली होती. रेक्लाम या मूळच्या लाइप्झिगच्या प्रकाशनाची लाल वेष्टनाची छोटी पुस्तके तर तू आल्या आल्या घे. मूळ इंग्रजी मजकूर आणि पानाच्या तळाशी अवघड शब्दांचे जर्मन अर्थ अशी त्यांची रचना असते. ती इथल्या शाळेतल्या मुलांसाठी काढली आहेत, पण इंग्रजी येणाऱ्या आणि जर्मन शिकणाऱ्या माणसाला ती उलट्या बाजूने उपयोगी पडतात. माझी निम्मी जर्मन शब्दसंपत्ती त्या तळटीपांतून आली आहे.

रस्त्यातल्या पुस्तकांबद्दल थोडक्यात लिहिते. चौकाचौकांत सार्वजनिक पुस्तककपाटे आहेत, काही तर जुन्या टेलिफोन बूथमध्ये. हवे ते घ्यावे, जमेल ते ठेवावे. घर बदलताना लोक दाराबाहेर खोके ठेवतात आणि त्यावर ‘त्सू फेरशेंकेन’, म्हणजे ‘फुकट देणे आहे’, असे लिहितात. येना विद्यापीठाचे गाव असल्यामुळे सत्र संपते त्या फेब्रुवारी आणि जुलै महिन्यांत परदेशी विद्यार्थी परत निघतात, आणि अशा खोक्यांत इंग्रजी पुस्तके हमखास असतात. पावसाची चिन्हे दिसली तर वाट बघू नकोस.

ग्रंथालय मात्र पहिल्या आठवड्यातच गाठ. पत्त्याची नोंदणी झाली की तो कागद आणि पासपोर्ट घेऊन जा. येनात विद्यापीठाचे आणि राज्याचे मिळून एक मोठे ग्रंथालय आहे, आणि गावाचे वेगळे एर्न्स्ट आबे ग्रंथालय आहे; दोन्हींची कार्डे काढ. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तक नसेल तर ‘फेर्नलाइहे’ने दुसऱ्या शहरातून मागवता येते आणि त्याला साधारण दीड युरो पडतो. मला एकदा असे मागवलेले पुस्तक हाती आले, तेव्हा त्यावर तीनशे किलोमीटर दूरच्या ग्रंथालयाची चिठ्ठी होती आणि परत करण्याची तारीख हाताने लिहिलेली होती. दीड युरोत कोणीतरी माझ्यासाठी ते कपाटातून काढून, बांधून, पाठवले होते. पहिल्या हिवाळ्यात मला हे कोणी सांगितले असते तर ते ९ युरो वाचले असते.

तेव्हा बॅग अशी भर. नावाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्या सगळ्या काढून टाक. तुझ्या विषयाची जाड संदर्भपुस्तके भारतीय आवृत्तीत घेतली असशील तर त्यांतली दोन राहू दे, कारण इथे त्यांची किंमत ऐकवत नाही. भारतात छापलेली इंग्रजी पुस्तके, विशेषतः साहित्य अकादमीने काढलेले मराठी पुस्तकांचे इंग्रजी अनुवाद, चार-पाच आण. इथे कोणी प्रेमाने विचारते की तुमच्या भाषेतले काही वाचायला द्या, आणि तेव्हा हाताशी काही नसले की फार वाईट वाटते. उरलेली सगळी जागा मराठीला दे. या शहरात मला चार वर्षांत एकाही खोक्यात मराठी पुस्तक सापडलेले नाही, आणि मी अजून प्रत्येक खोक्यात बघते. कविता आण, कारण त्या वजनाला हलक्या आणि पुन्हा पुन्हा वाचता येतात. तू निघशील तोवर यंदाचे दिवाळी अंक आलेले असतील; अप्पा बळवंत चौकातून माझ्यासाठी दोन घे, कोणते ते तू ठरव. जाहिरातींची पाने फाडू नकोस, मला तीही वाचायची आहेत.

येनाच्या स्टेशनवर मी घ्यायला येईन. गाडीची वेळ कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वसुधा