स्मोकरच्या फटी बुजवताना

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कुपवाडला माझे फॅब्रिकेशनचे शेड आहे. परसात मटण धुरावण्यासाठी पिंपाचे स्मोकर हल्ली बरेच जण करून घेतात. झाकणातून धूर गळू लागला की हाताला येईल ते लिंपतात, याची मला फार काळजी वाटते. जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी तर मुळीच नको, तिचे तंतू फुफ्फुसात रुततात. इपॉक्सीची लांबी (पुट्टी) तापून जळते आणि तो धूर अन्नाला लागतो. झाकणाला नोमेक्सची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कापडाची, पट्टी लावावी, ती चिकटवायला फूड-ग्रेड, उच्च तापमानाचे सिलिकॉन घ्यावे. आधी पत्रा थंड हवा, तेलकटपणा घासून काढलेला हवा. आगीच्या पेटीला सिलिकॉन टिकत नाही, तिथे भट्टीचे सिमेंटच. हवेची झडप आणि धुराडे मात्र बुजवू नये. आणि पावसात स्मोकर पडवीत घेऊ नका, जळणातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

– एक फॅब्रिकेटर, कुपवाड (जि. सांगली)