ठेका उचलणारे आत, वाजवणारा बाहेर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या नामवंत कलाकारांचा सन्मान करणाऱ्या संस्थेत कुणाची वर्णी लागायला हवी होती, यावर आलेला लेख वाचला. लेखकाने आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडची बाजू हिरिरीने मांडली आहे. २०२१ आणि २०२३ मध्ये नामांकन मिळूनही दोन्ही वेळा मेडनला हात हलवत परतावं लागलं, हे खरंच. पण त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतःच या संस्थेची जाहीर टर उडवत आलेला आहे, तेव्हा त्याच्या वतीने आपण गळा काढण्यात फार अर्थ नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. लेखात गायक आले, गिटारवाले आले, रेकॉर्ड कंपन्यांचे मालकसुद्धा आले. ड्रमर मात्र शेवटच्या परिच्छेदात 'आणि इतर'मध्ये उरकले. तरुणपणी गणपतीतल्या आणि लग्नाच्या स्वागत समारंभातल्या ऑर्केस्ट्रांत मी ड्रम्स वाजवले आहेत, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागलं, हे आधीच सांगून टाकतो.

आधी या संस्थेच्या कारभाराविषयी थोडं. अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेत एर्टेगन यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये ती स्थापन झाली आणि १९८६ मध्ये पहिली तुकडी निवडली गेली. चक बेरी, एल्व्हिस प्रेस्ली, जेम्स ब्राउन ही मंडळी त्यातली. पहिली रेकॉर्ड बाजारात आल्याला २५ वर्षं झाली की कलाकार पात्र ठरतो. मग एक छोटी समिती नामांकनं ठरवते आणि हजाराहून अधिक कलावंत, अभ्यासक आणि धंद्यातले लोक मतदान करतात. २०१२ पासून चाहत्यांनाही मत देता येतं. गंमत अशी, की चाहत्यांनी दिलेल्या लाखो मतांची मिळून एकच मतपत्रिका धरली जाते. २०२० मध्ये डेव्ह मॅथ्यूज बँडला दहा लाखांहून जास्त चाहत्यांची मतं पडली, तरी त्यांना २०२४ पर्यंत थांबावं लागलं. २०२५ मध्ये फिश हा बँड चाहत्यांच्या मतदानात पहिला आला आणि बाहेरच राहिला. एवढंच करायचं तर लोकांना मत विचारायचा देखावा तरी कशाला? असो.

बँड निवडला की त्यातल्या कुणाकुणाचं नाव पाटीवर येणार, हाही संस्थेच्याच मर्जीचा मामला, आणि त्यात ड्रमरची जितकी हेळसांड होते तितकी कुणाची होत नसेल. रेड हॉट चिली पेपर्सना २०१२ मध्ये घेतलं तेव्हा त्यांचे आजी-माजी मिळून तीन ड्रमर आत आले. पर्ल जॅम या बँडची पाळी २०१७ मध्ये आली. त्यांच्याकडे तोवर पाच ड्रमर होऊन गेले होते. पहिल्या अल्बमवर वाजवणारा डेव्ह क्रूसन आणि पुढे बरीच वर्षं टिकलेला मॅट कॅमेरन या दोघांनाच मान मिळाला. डेव्ह अब्रुझीझ वगळला गेला. १९९३ मध्ये ज्या दुसऱ्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात साडेनऊ लाखांच्या आसपास प्रती खपल्या, त्यावर ड्रम्स कुणाचे? अब्रुझीझचे. तिसऱ्या अल्बमवरही जवळपास तोच. चिली पेपर्सना लावलेला नियम इथे का लागला नाही, याचं पटेल असं उत्तर मला कुठे वाचायला मिळालं नाही.

तरीही अब्रुझीझपेक्षा कितीतरी मोठा अन्याय दुसऱ्याच एका ड्रमरवर झाला आहे. तो म्हणजे क्लाइड स्टबलफील्ड.

हा टेनेसी राज्यातल्या चॅटनुगाचा. फंक संगीताचा बादशहा गायक जेम्स ब्राउन, त्याच्या ताफ्यात तो आणि जॉन 'जॅबो' स्टार्क्स असे दोन ड्रमर होते. १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये सिनसिनाटीला 'फंकी ड्रमर' या गाण्याचं रेकॉर्डिंग झालं. गाणं पाच मिनिटांच्या पुढे गेल्यावर ब्राउन सगळ्यांना थांबायला सांगतो आणि ड्रमरला मोकळं सोडतो. त्याआधी बजावतो, की सोलो वाजवू नकोस, जे चाललं आहे तेच चालू ठेव. आकडे मोजले जातात, बाकीची वाद्यं गळून पडतात आणि पुढची आठ आवर्तनं एकटा स्टबलफील्ड उरतो. सगळं मिळून साधारण वीस सेकंद.

त्या वीस सेकंदांत काय आहे? उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) एका मात्रेत चार या हिशेबाने अखंड चालू, मध्येच हाय-हॅट किंचित उघडून मिटते. पायाखालचा बास ड्रम अपेक्षित जागा सोडून पडतो. आणि डावा हात स्नेअर या समोरच्या छोट्या ड्रमवर दोन मोठ्या ठोक्यांच्या मधल्या जागा इतक्या हलक्या ठोक्यांनी भरतो, की कान देऊन ऐकल्याशिवाय ते कळतही नाहीत. ड्रमर मंडळी त्यांना घोस्ट नोट्स म्हणतात. चांगला तबलजी ठेका भरताना मुख्य बोलांच्या मध्ये बोटांनी जे कुजबुजतो, तसंच हे काम. हात उगारून टाळ्या घेण्यासारखं त्यात काही नाही. तीन-चार ड्रमर शेजारी बसवून हेच वाजवायला सांगा, प्रत्येकाच्या हातून वेगळं निघेल आणि स्टबलफील्डचं कुणाच्याच हातून निघणार नाही.

रेकॉर्ड १९७० मध्ये आली आणि फारसा गाजावाजा न होता मागे पडली. १९८६ मध्ये ब्राउनच्या जुन्या गाण्यांच्या एका संग्रहात ती पुन्हा निघाली, तेव्हा जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवणारं सॅम्पलर नावाचं यंत्र रॅपवाल्यांच्या हाती आलेलं होतं. त्यांनी ती आठ आवर्तनं उचलली, गोल फिरवली आणि त्यावर शब्द बसवले. पब्लिक एनिमीने वापरली, एन.डब्ल्यू.ए.ने वापरली, एलएल कूल जेने वापरली. पुढे तर शेकडो गाण्यांत तोच ठेका. आता हॉल ऑफ फेमची यादी काढून बघा. पब्लिक एनिमी २०१३ मध्ये आत, एन.डब्ल्यू.ए. २०१६ मध्ये आत, एलएल कूल जे २०२१ मध्ये आत. जेम्स ब्राउन तर पहिल्याच तुकडीत. २०१२ मध्ये एका खास समितीने ब्राउनच्या मागे गाणाऱ्या फेमस फ्लेम्सनाही सन्मानाने बोलावलं. ज्याच्यावरून गाण्याला नाव पडलं तो ड्रमर २०२५ पर्यंतच्या यादीत कुठेच नाही.

पैशांच्या बाबतीतही तीच कथा. गाण्याचा कर्ता म्हणून नाव ब्राउनचं, त्यामुळे ठेका कुणीही वापरला तरी हक्काचे पैसे स्टबलफील्डकडे येत नव्हते. तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला जाऊन राहिला आणि तिथे वर्षानुवर्षं दर सोमवारी आपला बँड घेऊन वाजवत राहिला. त्याच्या कर्करोगाच्या उपचारांचा मोठा खर्च प्रिन्स या गायकाने गाजावाजा न करता उचलला होता, हे प्रिन्स गेल्यावर स्टबलफील्डनेच सांगितलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तोही गेला.

यावर कुणी म्हणेल, की हा बँडचा सभासद नव्हता, पगारी वादक होता, आणि संस्था पगारी वादकांना कुठवर घेत बसणार? पण त्यासाठी संस्थेकडे दार आहे. २००० मध्ये 'साइडमन' म्हणजे साथीदार वादकांचा वेगळा विभाग त्यांनीच सुरू केला आणि पहिल्याच वर्षी हॅल ब्लेन आणि अर्ल पामर या दोन ड्रमरना घेतलं. ब्लेनने वाजवलेल्या गाण्यांनी सलग सहा वर्षं 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमी पटकावलं होतं, तेव्हा त्याला टाळणं शक्यच नव्हतं. पुढे मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचा ड्रमर बेनी बेंजामिन २००३ मध्ये आणि एल्व्हिसचा ड्रमर डी. जे. फोंटाना २००९ मध्ये आला. २०१० मध्ये या विभागाचं नाव बदलून 'म्युझिकल एक्सलन्स' असं भारदस्त केलं आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. त्यानंतर निर्माते आले, ध्वनिमुद्रक आले, एक गीतकार आला, जुडास प्रीस्टसारखा अख्खा बँडही याच दाराने आत आला. एकट्याने आलेला ड्रमर २०२५ पर्यंत एकच, २०१५ मध्ये रिंगो स्टार! रिंगोबद्दल मला प्रेमच आहे, पण तो बीटल्सबरोबर १९८८ मध्येच आत जाऊन बसला होता. जे दार बाहेरच्यांसाठी उघडलं, त्यातून आतलाच माणूस पुन्हा एकदा आणला.

लेखात व्हाइट स्ट्राइप्स या बँडची ड्रमर मेग व्हाइट हिच्याविषयी एक तिरकस वाक्य आहे, तेही मला मान्य नाही. व्हाइट स्ट्राइप्सना २०२५ मध्ये घेतलं ते योग्यच झालं. मेगचं वाजवणं सोपं आहे म्हणून ती लायक नाही, असं म्हणणाऱ्याने त्या गाण्यांवर एखादा 'भारी' ड्रमर कल्पून बघावा. गिटार तिथल्या तिथे गुदमरेल. व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडची ड्रमर मो टकर उभी राहून, बास ड्रम आडवा ठेवून, झांजा जवळपास न वापरता वाजवायची. तीही १९९६ मध्ये आत आलीच की. उलट कॅरन कारपेंटर स्वतःला आधी ड्रमर आणि मग गायिका समजायची, आणि तिच्या कारपेंटर्स या जोडीचा अजून पत्ता नाही. बाईच्या हातात काठ्या दिसल्या की आपल्याकडेही पहिला प्रश्न 'जमतं का तिला?' हाच असतो, म्हणून अमेरिकेला फार नावं ठेवत नाही.

तसंच पडद्यामागच्या वादकांचं. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याहून आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाची हजारो गाणी सजवली. तबकड्यांवर नाव छापलं गेलं गायकाचं आणि संगीतकाराचं.

आता मागणी. स्टबलफील्ड आणि स्टार्क्स दोघेही हयात नाहीत (स्टार्क्स २०१८ मध्ये गेला), त्यांना एकत्र घ्यावं, कारण ब्राउनचा तो काळ दोघांनी मिळून पेलला. जेफ पोर्कारो हा ड्रमरही १९९२ मध्येच गेला, त्याच्या टोटो या बँडला घेतलं तर तोही आपसूक येईल. पण स्टीव्ह गॅड आणि बर्नार्ड पर्डी या ड्रमरांच्या बाबतीत वेळ काढून चालणार नाही. गायक पॉल सायमनच्या १९७५ च्या गाण्यातला गॅडचा लष्करी चालीचा ठेका आजही नवशिके ड्रमर घोटत बसतात. पर्डीच्या नावाने तर शफल या झुलत्या ठेक्याचा एक प्रकारच ओळखला जातो. पॉल सायमन आणि हे दोघे ज्यांच्यासाठी वाजवले तो स्टीली डॅन हा बँड, दोघांनाही २००१ मध्ये मान मिळाला. गॅड १९४५ चा, पर्डी १९३९ चा. कॅरल के या बासवादिकेला २०२५ मध्ये बोलावणं गेलं तेव्हा तिने नव्वदी गाठली होती. स्टुडिओत वादक काय काम करतात हे या सन्मानातून दिसत नाही, असं सांगून तिने तो नाकारला. पर्डी आणि गॅड यांच्याकडूनही तेच उत्तर येण्याआधी समितीने पत्रं धाडावीत, आणि आपल्या पुरवणीने पुढच्या लेखात निदान या दोघांना एक अख्खा परिच्छेद द्यावा.

आपला,
एक जुना वाचक, पुणे