फोटो नव्हते, पंक्चर होतं

प्रिय ताई,

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवूनही भागलं असतं. पण मग त्या दिवशीच्या सायकल राईडमधल्या बाकी अकरा जणांना खरं काय ते कळलं नसतं, म्हणून उघड लिहितोय.

दीपगृहाच्या वळणावर सगळे कुडकुडत आपली वाट बघत थांबले होते. आपण पोचलो पाऊण तास उशिरा. कुणी काही विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात, "अरे, धुक्यात फोटो काढत बसले, वेळेचं भानच राहिलं नाही. हा बिचारा माझ्यामुळे अडकला." मग जे टोमणे आले ते सगळे तुम्ही हसून घेतलेत. "सायकल चालवायची की फोटो काढायचे ते एकदा ठरवा," असंही एक जण म्हणाला. मी शेजारी उभा होतो. हात ग्रीसने काळे झाले होते, ते मी खिशात घातले.

तर मंडळी, त्या पाऊण तासात एकही फोटो काढलेला नाही. काढण्यासारखं काही दिसतच नव्हतं. दोन पंक्चर झाले, दोन्ही माझे, आणि दुसरं तर निव्वळ माझ्या खोटेपणामुळे.

सकाळी निघण्याआधी लीडने, म्हणजे राईड पुढून नेणाऱ्याने, विचारलं होतं, "पंक्चर कोणाकोणाला काढता येतं?" मी हात वर केला. व्हिडिओ इतके बघितले होते, की आपल्याला येतं असंच वाटायला लागलं होतं. चाक उघडून मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

ताई, तुमची माझी पहिली भेट म्हणजे तुम्ही मला झापलंत ती. निघून दहा मिनिटं झाली असतील, मागून आवाज आला, "ए, तुझा मागचा दिवा ब्लिंकवर ठेवू नकोस." मला वाटत होतं, धुकं आहे तर दिवा जितका लुकलुकेल तितकं बरं. तुम्ही शेजारी येऊन समजावलंत. ग्रुपमध्ये मागच्याच्या डोळ्यांवर तो दिवा सारखा आपटतो, आणि पुढची सायकल नेमकी किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. सगळ्यांनी लाल दिवा स्थिर ठेवायचा. लुकलुकणारा एकच, शेवटच्या सायकलचा, मागून येणाऱ्या गाड्यांसाठी. म्हणजे तुमचा.

हाताच्या खुणांचा त्या धुक्यात काही उपयोग नव्हता. पुढचे तिघे-चौघे दिसायचे, त्यांच्यापुढे नुसते लाल ठिपके, त्यापुढे काही नाही. सगळा कारभार आवाजावर. "खड्डाऽ" पुढून यायचा, एकेकाच्या तोंडून मागे सरकत. तुम्ही "मागून गाडीऽ" ओरडलात की ती हाक माझ्याकडून पुढे जायची आणि बारीक होत होत विरून जायची. डावीकडे समुद्र होता. म्हणजे, ऐकू येत होता.

मी आपला ऊन वर येण्याची वाट बघत होतो. तुम्ही म्हणालात, "हे जमिनीवरचं धुकं नाही, उन्हाला दाद देणार नाही." रात्री जमीन थंड होऊन जे धुकं धरतं ते सूर्य वर आला की उठतं. समुद्राचं वेगळं. दमट, उबदार वारा गार पाण्यावरून येताना स्वतःच गार होतो, त्यातली वाफ थेंबांत उतरते आणि वारा ते सगळं उचलून किनाऱ्यावर आणतो. वारा बदलेपर्यंत मुक्काम हलत नाही. एक किलोमीटरच्या आतलं दिसेनासं झालं की हवामानवाले त्याला धुकं म्हणतात. आपल्याला पन्नास मीटर दिसत असतील. थेंब भुवयांवर, हातावरच्या केसांवर, चष्म्याच्या दोन्ही बाजूंनी.

पहिलं पंक्चर चोविसाव्या किलोमीटरला. मागचं चाक, अर्थात. पंक्चर व्हायचं तर मागचंच होतं, चेनमधून काढावं लागणारं. तुम्ही लीडला फोन करून सगळ्यांना पुढे पाठवलंत आणि माझ्याजवळ थांबलात. मी घाईघाईने ट्यूब बदलली. बरी जमली म्हणून मनातून खूशही होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "टायरच्या आतून हात फिरवलास ना?"

मी म्हणालो, "हो."

दोन किलोमीटर. फार तर सव्वादोन. पुन्हा तोच मऊ, लडबडता आवाज. माझ्याकडची एकमेव ट्यूब संपलेली. तुम्ही "सांगितलं होतं ना" म्हणाल, निदान एक सुस्कारा तरी टाकाल, म्हणून मी मान खाली घालून उभा. तुम्ही म्हणालात, "आधी उभं राहायला जागा बघू." वळणावरून पुढे सरळ रस्त्यापर्यंत सायकली ढकलत नेल्यात, डांबर सोडून आत घेतलंत, स्वतःचा तो लुकलुकणारा दिवा काढून तीसेक पावलं मागे जाऊन कठड्याच्या खांबाला अडकवलात. मग विंडचीटर काढून माझ्या अंगावर टाकलंत, कारण घामाने भिजलेला मी थांबल्याथांबल्या थरथरायला लागलो होतो. आणि मग रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "आता सावकाश. तू कर, मी बघते."

पुढची पंचवीस मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात.

चेन आधी मागच्या सगळ्यात छोट्या चकतीवर, मग चाक बाहेर. ट्यूब काढायच्या आधी व्हॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षरापाशी होता ते लक्षात ठेवायचं. का, ते नंतर कळलं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून छिद्र शोधायचं, पण लाटांच्या आवाजात फुसफुस कुठली ऐकू येणार? पाण्यात बुडवावी म्हटलं तर पाणी समोर होतं, अथांग, पण तीस फूट खाली. तुम्ही ट्यूब माझ्या हातातून घेतलीत, वरच्या ओठाजवळून हळूहळू फिरवलीत, आणि एका जागी थांबलात. "इथे. बघ." मीही ओठाजवळ नेली. सुईच्या टोकाएवढी गार फुंकर.

मग ती ट्यूब टायरवर धरलीत, व्हॉल्व्ह त्या अक्षराशी जुळवून. छिद्र एकच होतं आणि बाहेरच्या बाजूला, म्हणजे काहीतरी बाहेरून टोचलेलं. आत असतं तर रिम टेप, म्हणजे स्पोकची टोकं झाकणारी रिमच्या आतली पट्टी, तपासायची. शेजारी शेजारी दोन असती तर हवा कमी असताना खड्ड्यात आपटून ट्यूब चिमटलेली. छिद्रासमोरच्या टायरवर तुम्ही बोट फिरवू दिलं नाहीत, "रक्त काढशील," म्हणालात, आणि रुमाल दिलात. रुमाल आतून फिरवला. अडकला. रुमालाचा एक बारीकसा धागा निघाला.

तारेचा तुकडा. केसापेक्षा जाड, तांदळाच्या दाण्याहून आखूड. ट्रकच्या टायरमध्ये पोलादी तारा असतात, टायर फाटले की त्यांचे असे तुकडे रस्त्यावर पसरतात, आणि ओला रस्ता त्यांना अलगद टायरमध्ये शिरू देतो. बाहेरून बघून तो दिसलाच नसता. तुम्ही नेलकटरने धरून उपटलात आणि माझ्या तळहातावर ठेवलात. काही बोलला नाहीत. पहिल्या वेळी मी आत हात फिरवला नव्हता, हे त्या तुकड्याने सांगितलंच होतं.

तुमच्याकडची ट्यूब दिलीत. टायरची शेवटची कड लिव्हरने नाही, तळव्यांनी बसवायला लावलीत, आणि ती व्हॉल्व्हपाशीच संपवायची म्हणजे ढील मिळते, हेही दाखवलंत. नंतर व्हॉल्व्ह एकदा आत दाबून बाहेर ओढायचा, खाली ट्यूब दबलेली राहू नये म्हणून. तेवढ्याश्या पंपाने हवा भरताना मी दोनशेपर्यंत मोजलं आणि मोजणं सोडलं. तुम्ही अंगठ्याने टायर दाबत दर वेळी, "अजून."

मग वारा. आडवा होता तो समोरून झाला होता, आणि माझ्या पायांत जीव नव्हता. "माझ्या चाकामागे राहा," म्हणालात. पुढच्याच्या आडोशाला पंचवीस ते तीस टक्के जोर वाचतो असं वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. तुमच्या मागे गेलो आणि कानातला वारा कुणीतरी दार लावल्यासारखा बंद झाला. "चाकाकडे बघू नकोस, खांद्यावरून पुढे बघ. आणि चाकाला चाक समांतर आणू नकोस, मी जरा हलले तर तू आडवा होशील." अकरा किलोमीटर तुम्ही एकाच गतीने ओढत नेलंत. ओला उतार आला की आधीच "ब्रेक हळू, आत्तापासून," कारण भिजलेल्या रिमवर ब्रेकचा पहिला वेळ नुसता पाणी पुसण्यात जातो.

आणि एवढं करून वळणावर पोचल्यावर "मी फोटो काढत बसले".

दुपारी दहा मिनिटं धुकं फाटलं आणि कडे, लाटा, सगळं एकदम उघडं पडलं. त्यावर बाकीचे अजून बोलतात. सुंदर होतं, नाही म्हणत नाही. मला त्या दिवसाचा विचार केला की तुमचा काळा झालेला रुमाल दिसतो.

निरोप घेताना तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्याच रात्री सायकल गोड्या पाण्याने धुतली, जोराच्या धारेने नाही, साध्या मगाने, म्हणजे बेअरिंगमध्ये पाणी जाऊ नये. चेन पुसून तेल दिलं. माझ्या दोन्ही पंक्चर ट्यूबना घरी पॅच लावले. पॉलिश पेपरने घासून, सोल्युशन सुकू देऊन, मग दाबून. एक टिकलाय. दुसऱ्यातून रात्रभरात हवा जाते, त्यात घाई झाली असणार.

लीडलाही फोन करून सांगितलं, की सकाळी मी वर केलेला हात तेव्हा खोटा होता. आता केला तर चालेल.

राहिली तुमची ट्यूब. तुमचे रिम खोल, त्यामुळे तिचा व्हॉल्व्ह लांबडा, माझ्या चाकातून बोटभर बाहेर आलेला दिसतो आणि लोक विचारतात, हे काय. तशीच नवी आणून ठेवली आहे, साठ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हची, आणि सोबत एक रुमाल. पुढच्या राईडला देतो. चाकातली मात्र परत मागू नका.

तुमचा,
शेवटून दुसरा