नाल्याकाठचे दोन एकर

खडकवासला, पुणे
१६ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रोज रात्री फोनवर बोलणे होत असताना हे पत्र कशासाठी, असे आईला वाटेल. जे सांगायचे आहे ते मी फोनवर दोनदा सुरू करून पाहिले. दोन्ही वेळा बाबांनी सोयाबीन पिवळे पडल्याचा विषय काढला आणि खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले. म्हणून कागद घेतला आहे. आईच्या चष्म्याचा नंबर वाढला आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा बाबांनी मोठ्याने वाचावे आणि मधले काही गाळू नये.

परवाच्या रविवारी दुपारी मी येथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या (एनडीए) माझ्या स्क्वॉड्रनकडून, म्हणजे कॅडेटांच्या तुकडीकडून, घरी निघालो होतो. वाटेत झाडाच्या सावलीला पहिल्या सत्रातली एक कॅडेट तिच्या आई-वडिलांसोबत बसली होती. (आता येथे मुलीही असतात, हे तुम्हाला मी सांगितले आहे, २०२२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या पहिल्या तुकडीतल्या १७ मुली यंदाच्या ३० मे रोजी संचलन करून बाहेर पडल्या.) मला पाहताच ती मुलगी ताठ उभी राहिली, ते अपेक्षितच होते, पण तिच्या पाठोपाठ तिचे वडीलही मांडीवरचा डबा सावरत घाईघाईने उभे राहिले. मी त्यांना बसायला सांगितले आणि पुढे निघून आलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेले नाही, कारण त्या माणसाच्या जागी मला बाबा दिसले होते.

२००४ साली, मी स्वतः येथे पहिल्या सत्रातला कॅडेट असताना, दसऱ्यानंतरच्या रविवारी तुम्ही दोघे मला भेटायला आला होतात. सोयाबीनची सवंगणी नुकतीच उरकली होती, कापसाची पहिली वेचणी तोंडावर होती, आणि अशा दिवसांत बैलजोडी काकांच्या स्वाधीन करून तुम्ही वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून सुमारे ८०० किलोमीटर आलात. मी तोवर ड्रिलच्या चाचणीत उत्तीर्ण झालेलो नव्हतो, आणि ती चाचणी झाल्याशिवाय पहिल्या सत्राच्या मुलाला सुटीच्या दिवशीही बाहेर जाता येत नसे. त्यामुळे आपली भेट आवारातच झाली. मी पांढरा सदरा आणि टाय घालून आलो तेव्हा आईने आधी माझ्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग म्हटले, “काहून बाप्पा एवढा वाळला?”

समोरून कोणी वरच्या सत्राचा मुलगा गेला की मी उठून उभा राहून त्याला अभिवादन करीत होतो, आणि प्रत्येक वेळी माझ्याबरोबर बाबाही उभे राहत होते. ती माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी पोरे आहेत, हे मला बाबांना सांगता आले असते. मी ते सांगितले नाही. त्या तीन तासांत बाबा किती वेळा उठले असतील, याचा हिशेब मी परवा रात्री करून पाहिला आणि मग थांबवला.

मला त्या दिवशी एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे तुम्ही माझ्याविषयी काही विचाराल. म्हणून मी तुम्हाला माहिती देत राहिलो. पाठ केलेले सगळे ओळीने म्हणून दाखवले. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी येथे पायाभरणी केली. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या भूमीवर लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने एक लाख पौंड दिले, त्यातून ही घुमटाची इमारत झाली आणि म्हणून तिला सुदान ब्लॉक म्हणतात. भोजनगृहात दोन हजार जण एकाच वेळी बसून जेवतात. तो समोर दिसतो तो सिंहगड. बाबांनी घुमटाकडे पाहून मनोभावे हात जोडले होते. आई मात्र माझ्या कोपरांवरच्या खपल्यांकडे पाहत होती. मग मला बोलता बोलता झोप आली. आईने आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन झाली होती, डिंकाच्या लाडवांचा डबा उघडाच होता, आणि मी तिच्या खांद्यावर डोके टेकून जवळजवळ तासभर झोपलो. इतक्या दूरवरून आलेल्या माणसांच्या पदरात मी तेवढेच टाकले.

जाग आली तेव्हा बाबांनी तो प्रश्न विचारला. शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात: “त्या कागदावर म्या सही केली होती नं, पोरगा मधातच परत आला तं किती पैसे भरा लागते?”

कागद म्हणजे प्रवेशाच्या वेळी पालकांकडून लिहून घेतात तो. शिक्षणाचा, राहण्याचा, जेवणाचा सगळा खर्च सरकार करते. पण मुलगा स्वतःच्या मर्जीने अर्ध्यातून निघून गेला, तर तोवर झालेला खर्च पालकांनी भरून द्यायचा असतो. बाबांना पैशाची भीती वाटते आहे, असे मी समजलो. आधीच माझ्या खिशखर्चाची मनीऑर्डर तुम्ही कापसाचे चुकारे हाती येण्याआधी, उसनवारी करून पाठवत होतात, हे मला माहीत होते. त्याचा सल मनात होताच. मी म्हणालो, “तुमचे पैसे बुडणार नाहीत, काळजी करू नका.” हे मी मराठी पुस्तकातल्यासारखे म्हणालो, आपल्या घरच्या बोलीत नाही. बाबा “हाव” म्हणाले आणि दुपट्ट्याची घडी घालू लागले. त्यानंतर पीएमटीच्या बसपर्यंत आपण काय बोललो ते मला आठवत नाही. मला वाटते, काहीच बोललो नाही.

गेल्या दिवाळीत रानडुकरांसाठी तारेचे कुंपण घालायचे ठरले, तेव्हा काका आणि मी नाल्याकाठच्या वावरात दोर धरून मोजणी करीत होतो. काका सहज म्हणाले की हे वावर २००४ सालीच जायचे होते. देवळीचा गिऱ्हाईक ठरलेला होता. तो इसार द्यायलाही तयार होता. बाबांनी त्याला सांगितले होते की आत्ता नको, पुण्याहून पोराला भेटून येतो आणि मग सांगतो. मी कारण विचारले तेव्हा काकांना आश्चर्य वाटले. मला ते माहीतच असेल, असे ते इतकी वर्षे समजत होते. शेजारच्यांच्या फोनवर मी एकदा बोललो होतो आणि एका दमात तीन वेळा “सगळं ठीक आहे” म्हणालो होतो. त्यावरून आईने त्या रात्री चूल पेटवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी सातबारा काढला. पोराला परत यायचे असेल तर पैशापायी अडकून पडू नये, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ होता. ते कोणते दिवस होते हे वेगळे सांगायला नको. दोनच वर्षांनी पंतप्रधानांनी विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हाही होता. अशा काळात नाल्याचे पाणी लागणारे दोन एकर, म्हणजे आपल्या घराला हरभरा आणि गहू देणारी एकमेव जमीन, बाबांनी विकायला काढली होती.

आता जे लिहितो आहे त्यासाठीच हे पत्र आहे. मला खरोखरच परत यायचे होते. राजीनाम्याचा अर्ज मी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता, आणि तुम्ही आलात त्या रविवारी तो तुम्हाला दाखवायचा, असे ठरवून ती वही बरोबर आणली होती. ती त्या झाडाखाली माझ्या शेजारीच पडलेली होती. बाबांनी पैशाचा विषय काढला आणि मी ती उचलून काखेत धरली. पुढचे सगळे सत्र मी त्याच रागावर काढले: दौडीत पाय उचलेनासे झाले की बाबांचा तो प्रश्न आठवायचा, आणि यांचे पैसे आपल्यामुळे जाऊ द्यायचे नाहीत, असे दात-ओठ खात म्हणायचे. गावच्या शाळेत सत्कार झाला तेव्हा मी देशसेवेविषयी बोललो, आणि ते खोटे नव्हते. ते सगळे पुढे आले. पण पहिल्या वर्षी मला येथे धरून ठेवले ते तुमच्यावरच्या रागाने. बाबांचा प्रश्न मला त्या दिवशी नीट कळला असता, तर बहुधा मी त्याच संध्याकाळी तुमच्याबरोबर गाडीत बसलो असतो, आणि वावर गेले असते. या गोष्टीचे काय करायचे ते मला वर्षभर उमगलेले नाही. तिचा आनंद मानावा असे वाटत नाही आणि दुःख मानायला जागा नाही. मात्र वीस वर्षे मी माझ्या बापाला पैशासाठी घाबरलेला माणूस समजत होतो, हे माझ्या हातून घडले आहे, आणि त्याची क्षमा मागायची आहे.

बाबांनी मला हे कधी का सांगितले नाही, असे मी विचारणार नाही. मीही वहीचे सांगितले नव्हते.

दिवाळीला यंदा मला रजा मिळणार नाही, तेव्हा तुम्हीच इकडे या. हरभऱ्याची पेरणी उरकली की नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातले आरक्षण मी करतो. खालचे बर्थ घेतो, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. आईने बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, मोठ्या सामानात नको. स्टेशनवर मी स्वतः घ्यायला येईन. घराच्या ओट्यावरून सिंहगड दिसतो, आणि संध्याकाळी पोरे दौडत जातात ती समोरूनच जातात. त्यांतली काही थांबून मला सलाम करतील; बाबा, त्या वेळी तुम्ही खुर्चीतून उठायचे नाही.

काकांना कुंपणाच्या उरलेल्या तारेचे पैसे पाठवले आहेत, त्यांना कळवावे. कळावे, लोभ असावा.

तुमचा,
धाकटा